इंग्रजी शब्द त्यांचे, सही आपली

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

युनियनच्या अभ्यासवर्गात महागाई भत्ता, बदल्या, रिक्त जागा आणि पेन्शन हे विषय नेहमीच येतात. आजचा विषय ऐकून मात्र काहींनी भुवया उंचावल्या असतील. फसवणूक, दिशाभूल, लबाडी यांना इंग्रजीत कोणकोणते शब्द आहेत हे शाळेतल्या मास्तरांनी शिकवावे. रेल्वेच्या पॉइंट्समनने आणि टपाल खात्याच्या पोस्टमनने त्यात रविवार का घालवावा?

उत्तर सरळ आहे. आपल्यापैकी कोणावर आरोपपत्र आले, तर ते बहुतेक वेळा इंग्रजीत येते. त्यातला एक शब्द बदलला की जिथे ताकीद मिळून प्रकरण मिटायचे, तिथे नोकरी जाते. आम्ही वर्षानुवर्षे डिफेन्स हेल्पर म्हणून असे कागद वाचत आलो आहोत. नागपूर, भुसावळ, सोलापूरच्या साथींचे वाचले, तसे इटारसी, सिकंदराबाद, हुबळीकडे नोकरी करणाऱ्या मराठी साथींचेही वाचले. कागद समजून घेण्याआधीच त्यावर सही होते, हे दुखणे सगळीकडे सारखे आहे. म्हणून आज या शब्दांची झडती घेऊ.

मराठी काय विचारते, इंग्रजी कागद काय विचारतो

फसवणुकीच्या शब्दांना मराठीत तोटा नाही. शेंडी लावली, टोपी घातली, चुना लावला, गंडवले, झुलवले, हातावर तुरी दिल्या, तोंडाला पाने पुसली. यांतला प्रत्येक शब्द वेगळी हकिगत सांगतो. केसाने गळा कापणारा जवळचाच माणूस असतो. कोपराला गूळ लावणारा आश्वासन देतो, पण ते कधी तोंडापर्यंत पोचत नाही. हे शब्द घराघरांत, गावागावांत तयार झाले. फसवले कसे आणि फसलेल्याला लागले किती, एवढे ते चोख सांगतात.

कचेरीतला इंग्रजी कागद वेगळेच विचारतो. हे करताना तुझ्या मनात काय होते? तुला माहीत होते का? तू ते मुद्दाम केलेस का? त्यातून तुला काही मिळाले का? या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे तिथे शब्द बदलतो आणि शब्दाप्रमाणे शिक्षा बदलते. आपण सगळ्यालाच मराठीत 'खोटे' म्हणून मोकळे होतो. 'साहेब, खोटे लिहिले गेले खरे,' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात 'चुकीचे लिहिले गेले' एवढाच अर्थ असतो. समोरचा माणूस मात्र इंग्रजीत 'जाणूनबुजून असत्य लिहिल्याची कबुली' अशी नोंद करतो. घोटाळ्याची सुरुवात इथे होते.

शब्दांची कुळे

शब्दांची कुळे पाहिली की त्यांची भीती कमी होते, म्हणून दोन-चार इंग्रजी शब्दांची कुळे सांगतो.

'हूडविंक' म्हणजे डोळ्यांवर टोपडे ओढून आंधळे करणे. आपण टोपी घालतो, त्यांनीही घातली. 'ड्यूप' म्हणजे सहज फसणारा माणूस. हा शब्द डोक्यावर तुरा असलेल्या हुदहुद पक्ष्याच्या फ्रेंच नावावरून आला, कारण तो पक्षी मूर्ख समजला जाई. 'कॉनमॅन' हा 'कॉन्फिडन्स मॅन'चा आखूड अवतार आहे. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाच्या माणसाला अटक झाली. तो अनोळखी माणसाला गाठून विचारायचा, 'माझ्यावर विश्वास आहे ना? मग तुमचे घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवाल?' घड्याळ देणाऱ्याला ते पुन्हा दिसत नसे. वर्तमानपत्रांनी त्याला 'विश्वासवाला माणूस' म्हटले आणि शब्द रूढ झाला.

'ठग' तर आपल्याकडूनच गेला. इंग्रजांनी १८३० नंतरच्या काळात ठगांविरुद्ध मोहीम चालवली आणि शब्द बरोबर नेला. आपल्याकडे ठकवणारा तो ठक. इंग्रजीत गेल्यावर तो मारझोड करणारा गुंड झाला.

सगळ्यांत बोलके कूळ 'चीट' या शब्दाचे आहे. इंग्लंडमध्ये कोणी वारस न ठेवता मेला तर त्याची जमीन राजाकडे जाई. त्या पद्धतीला 'एस्चीट' म्हणत आणि ती वसूल करायला सरकारी अधिकारी नेमलेले असत. लोकांना त्यांचा असा काही अनुभव आला की त्या सरकारी शब्दाचे शेपूट तोडून लोकांनी 'चीट', म्हणजे फसवणे, हा शब्द केला. साथींनो, ध्यानात घ्या, फसवणुकीचा हा सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी शब्द रयतेने सरकारी वसुलीवाल्यांवरून पाडला आहे. पुढे तोच शब्द कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला आणि आज तो वरून खाली, आपल्याकडे येतो.

कायद्याची शिडी

'हूडविंक' किंवा 'ड्यूप' मेमोत येत नाहीत. मेमोतले शब्द कायद्यातले असतात. त्यांची शिडी पायरी-पायरीने पाहू.

पहिली पायरी 'मिस्टेक' किंवा 'एरर'. म्हणजे चूक. हेतूही नाही आणि बेफिकिरीही नाही.

दुसरी पायरी 'नेग्लिजन्स', म्हणजे हयगय. जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही. फसवण्याचा हेतू इथेही नसतो.

तिसरी पायरी 'मिसरिप्रेझेंटेशन'. म्हणजे वस्तुस्थिती चुकीची मांडणे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १८ मध्ये याची व्याख्या आहे. सांगणाऱ्याला ती गोष्ट खरी वाटत असली, पण तसे ठामपणे सांगण्याइतकी माहिती त्याच्याजवळ नसली आणि गोष्ट खोटी निघाली, तरी ते 'मिसरिप्रेझेंटेशन' होते.

चौथी पायरी 'फ्रॉड'. त्याच कायद्याचे कलम १७. इथे फसवण्याचा इरादा लागतो. खोटे आहे हे माहीत असून सांगणे, किंवा माहीत असलेली गोष्ट चालाखीने दडवणे. नुसते गप्प राहणे म्हणजे फ्रॉड नव्हे, बोलण्याचे कर्तव्य असताना गप्प राहिले तर तो होऊ शकतो, असेही तेच कलम सांगते. खातेचौकशी या करार कायद्यावर चालत नाही, पण दोन शब्दांतली भिंत इथे जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही.

पाचवी पायरी 'चीटिंग'. ही फौजदारी पायरी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४१५ आणि ज्यामुळे 'चारसोबीस' हा शब्द आपल्या तोंडी बसला ते कलम ४२०. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा गुन्हा तिच्या कलम ३१८ मध्ये गेला. आकडा बदलला तरी गाभा तोच राहिला. कोणाला तरी फसवून, अप्रामाणिक हेतूने, त्याच्याकडून मालमत्ता किंवा काही कृती काढून घेणे. 'अप्रामाणिक' या शब्दालाही कायद्यात माप आहे. एकाचा गैरलाभ किंवा दुसऱ्याचे गैरनुकसान करण्याचा इरादा असला पाहिजे.

या शिडीच्या शेजारी आणखी दोन शब्द उभे असतात. 'मिसॲप्रोप्रिएशन' म्हणजे अफरातफर, दुसऱ्याचा पैसा स्वतःकडे वळवणे. आणि 'फोर्जरी' म्हणजे बनावट दस्तऐवज करणे. फोर्ज म्हणजे लोहाराची भट्टी. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या साथींना ती वेगळी सांगायला नको. लोखंड तापवून, ठोकून वस्तू घडवतात, तसा कागद घडवला की तो 'फोर्ज्ड' झाला.

ट्रामच्या कंपनीचा निकाल

चूक आणि फ्रॉड यांतली भिंत कोणी उभी केली, याची गोष्ट वाहतुकीच्या धंद्यातलीच आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ भागात एक ट्राम कंपनी होती. आपल्याला वाफेच्या शक्तीवर ट्राम चालवण्याचा हक्क आहे, असे तिच्या संचालकांनी माहितीपत्रकात छापले. प्रत्यक्षात त्यासाठी सरकारी बोर्डाची परवानगी लागत होती आणि ती मिळायची होती. पुढे बोर्डाने बहुतेक मार्गासाठी परवानगी नाकारली, कंपनी गुंडाळावी लागली आणि माहितीपत्रक वाचून शेअर घेतलेल्या पीक नावाच्या गृहस्थाने संचालकांवर फसवणुकीचा दावा लावला. १८८९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला तो संचालकांच्या बाजूने. छापलेले विधान खोटे होते, पण परवानगी मिळणारच असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, म्हणून तो फ्रॉड नाही. फ्रॉड व्हायचा तर विधान खोटे आहे हे माहीत असले पाहिजे, किंवा ते खरे असल्याचा विश्वासच नसला पाहिजे, किंवा खरे की खोटे याची अजिबात पर्वा न करता ते केलेले असले पाहिजे.

'डेरी विरुद्ध पीक' या नावाने हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. आम्हाला त्यातून एवढेच विचारायचे आहे. कंपनीच्या संचालकांना 'मनात काय होते' याचा फायदा मिळाला. मग ट्रॅकवर हातोडा मारणाऱ्या आणि उन्हात टपाल वाटणाऱ्या माणसाला तो मागायची लाज का वाटावी?

एकच बिल, तीन शब्द

आता आपल्या कामातले उदाहरण घेऊ. समजा, एक टेक्निशियन १२ तारखेला कामावर बाहेरगावी गेला आणि १४ ला परतला. महिनाअखेर टी.ए. जर्नल भरताना त्याने परतीची तारीख १५ लिहिली. एक दिवसाचा भत्ता जास्त मागितला गेला.

मेमोत हे तीन प्रकारे लिहिता येते. 'इनकरेक्ट क्लेम' म्हणजे चुकीची मागणी. 'फ्रॉड्युलंट क्लेम' म्हणजे फसवण्यासाठी केलेली मागणी. आणि या दोहोंच्या मध्ये 'फॉल्स क्लेम'. हा मधला शब्द सर्वांत निसरडा. इंग्रजीत 'फॉल्स'चे दोन अर्थ आहेत. जे खरे नाही तेही 'फॉल्स' आणि जे मुद्दाम खोटे केले तेही 'फॉल्स'. आपल्या 'खोट्या'सारखाच तो दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा असतो. कर्मचारी पहिला अर्थ धरून 'होय' म्हणतो, चौकशी अधिकारी दुसरा अर्थ धरून निष्कर्ष लिहितो.

म्हणून उत्तरात 'आरोप मान्य' किंवा 'अमान्य' एवढ्यावर थांबू नये. 'तारीख चुकीची पडली हे खरे, ती फसवण्याच्या हेतूने लिहिली हे अमान्य', असे दोन तुकडे करून लिहावे. वस्तुस्थिती मान्य करणे वेगळे आणि हेतू मान्य करणे वेगळे. डोक्यात एवढा एक खिळा ठोकून घेतला तरी आजचा अभ्यासवर्ग सार्थकी लागला असे आम्ही समजू.

कलम लावतानाही हाच फरक पाहावा. टपाल खात्यात १९६४ चे आणि रेल्वेत १९६६ चे आचरण नियम आहेत. दोन्हींच्या तिसऱ्या नियमात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. सचोटी ठेवणे, कामावर निष्ठा ठेवणे आणि कर्मचाऱ्याला न शोभणारे काही न करणे. सचोटीला तिथे 'ॲब्सोल्यूट इंटिग्रिटी' म्हटले आहे. हयगयीचा आरोप फार तर कामावरच्या निष्ठेत बसतो. पण कित्येक मेमोंत तिन्ही वाक्ये एकदमच छापलेली दिसतात. वर्णन हयगयीचे आणि शिक्का बेइमानीचा! अशा वेळी विचारावे, की या वर्णनातल्या कोणत्या वाक्यात आमच्या सचोटीला बाध येतो ते दाखवा.

सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली जे. अहमद यांच्या प्रकरणात सांगितले, की कार्यक्षमता कमी पडणे म्हणजे आपोआप गैरवर्तन नव्हे. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे आणि ती रेल्वेवाल्यांनी विसरू नये. उभ्या गाडीच्या रुळावर दुसरी गाडी घेणाऱ्या केबिनमनचे उदाहरण देऊन न्यायालय म्हणते, की परिणाम भयंकर असतील तर हयगयही गैरवर्तन ठरू शकते. तेव्हा 'हेतू नव्हता' म्हटले की सगळे माफ, असे कोणी समजू नये. हेतू नसला तर तो फ्रॉड नाही, एवढेच.

शब्दावर अडलेला पैसा

हे सगळे वकिली बारकावे वाटत असतील तर आता पैशाचे बोलू.

वेतननिश्चितीत कचेरीची चूक होते, दहा वर्षे जादा पगार जातो, आणि निवृत्तीच्या तोंडावर वसुलीचा कागद येतो. मुलीचे लग्न, घराचे हप्ते, औषधपाणी, सगळे त्या ग्रॅच्युइटीवर बेतलेले असते. १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात अशा वसुलीला आवर घातला. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर, वसुली करू नये, असे त्यात सांगितले. २ मार्च २०१६ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने त्यावर परिपत्रकही काढले.

पण या संरक्षणाचा पाया कोणता? त्या कर्मचाऱ्यांनी चुकीची माहिती दिलेली नव्हती. फसवणूक केलेली नव्हती. चूक कचेरीची होती. म्हणजे वसुलीच्या नोटिशीत 'मिसरिप्रेझेंटेशन' हा एक शब्द बसला आणि आपण तो न वाचता 'रक्कम हप्त्याने कापावी ही विनंती' असा अर्ज दिला, तर आपणच आपल्या हाताने पाया खणला.

दुसरा धोका हमीपत्राचा. त्याच २०१६ साली जगदेव सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुली कायम ठेवली. ते न्यायिक सेवेतले अधिकारी होते. जादा रक्कम निघाल्यास परत करीन, असे त्यांनी सुधारित वेतन घेताना लिहून दिले होते. वेतन आयोगाच्या वेळी गठ्ठ्याने येणाऱ्या छापील इंग्रजी फॉर्ममध्ये असा मजकूर असतो. सही सगळेच करतात, आणि करावीही लागते. पण आपण कशावर सही केली हे माहीत हवे आणि त्याची प्रत घरी हवी.

टपाल खात्यात याच गोष्टीचे दुसरे रूप आहे. एका माणसाने बचत खात्यातला पैसा खाल्ला, तो सापडला. पण नुकसान भरून काढायचे म्हणून तपासणीच्या साखळीतल्या बाकीच्यांना 'सबसिडिअरी ऑफेंडर' असे नाव मिळते. ऑफेंडर म्हणजे अपराधी. ज्याने दमडी घेतली नाही तो दुय्यम अपराधी! त्याचा दोष असलाच तर हयगयीचा असतो. आणि तिथेही खात्याच्याच टपाल व तार नियमपुस्तिकेच्या तिसऱ्या खंडात नियम १०६ आहे. अमुक एक हयगय या कर्मचाऱ्याने केली आणि तिच्यामुळेच हे नुकसान झाले, असे सिद्ध झाले तरच वसुलीची शिक्षा देता येते. तेव्हा 'दुय्यम अपराधी' या शब्दाखाली मान घालण्याआधी दोनच प्रश्न विचारा. माझी नेमकी कोणती कृती? आणि तिच्यामुळेच नुकसान झाले हे कशावरून?

दडवणे आणि डिकॉय

नव्याने लागलेल्या तरुण साथींसाठी आणखी एक शब्द, 'सप्रेशन'. म्हणजे माहिती दडवणे. नेमणुकीच्या वेळच्या पडताळणी फॉर्ममध्ये 'तुमच्यावर कधी खटला झाला होता का' असा प्रश्न असतो. घाबरून तरुण 'नाही' लिहितो आणि पुढे तेच लिखाण नोकरीच्या मुळावर येते. २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याचे नियम घालून दिले. माहिती खरीच दिली पाहिजे, हे त्यांनी ठणकावले. पण कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण असेल तर मालकाने तारतम्य वापरून ते सोडून द्यावे, असेही म्हटले. आमचा सल्ला एकच. मोर्चातल्या केसची लाज बाळगू नका, ती फॉर्ममध्ये लिहा. घोषणा दिल्याने नोकरी जाईल की नाही यावर भांडता येते. दडवल्यावर भांडायला जागा फार थोडी उरते.

आता प्रशासनाच्या हातातला शब्द, 'डिकॉय'. रानबदकांना सापळ्याकडे ओढून नेणारे पाळीव बदक म्हणजे डिकॉय. बुकिंग खिडकीवर प्रवासी म्हणून पाठवलेला दक्षता विभागाचा माणूस हाही डिकॉय. इथे फसवायला परवानगी आहे, पण तिलाही नियम आहेत. रेल्वेच्या दक्षता नियमपुस्तिकेतील परिच्छेद ७०४ आणि ७०५ मध्ये अशा सापळ्याच्या वेळी साक्षीदार कसे असावेत हे सांगितले आहे. २००८ साली मोनी शंकर या रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हे परिच्छेद सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ते मार्गदर्शक असले तरी सर्रास धाब्यावर बसवता येणार नाहीत, असे न्यायालयाने मानले आणि निकाल त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला. सापळा नियमाने लावला होता की नाही, हे विचारणे म्हणजे लाचखोराची बाजू घेणे नव्हे.

दोन वजने नकोत

कचेरीची चूक झाली की तिला कोणते शब्द मिळतात तेही पाहा. 'इनॲडव्हर्टंट एरर' म्हणजे अनवधानाने झालेली चूक. 'क्लेरिकल मिस्टेक' म्हणजे हातून घसरलेली. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॅप्स' म्हणजे कोणाचीच नाही अशी. ज्येष्ठता यादीत एकाचे नाव गळते, बढती तीन वर्षे लांबते, तेव्हा कोणी 'मिसरिप्रेझेंटेशन' म्हणत नाही. टी.ए. जर्नलमध्ये आपली तारीख चुकली की मात्र 'फॉल्स'. एकाच दुकानात घ्यायचे वजन वेगळे आणि द्यायचे वेगळे. आपण म्हणतो, त्यांच्या चुकीला चूक म्हणा, आमची काही हरकत नाही. पण आमच्या चुकीलाही तेच माप लावा.

आणि साथींनो, हे माप आपणही पाळले पाहिजे. एखाद्या म्हातारीने आयुष्यभर पै-पै जमवून पोस्टात ठेवली आणि आपल्यातल्याच कोणी तिच्या पुस्तकात खोटा शिक्का मारून ती खाल्ली, तर त्याला अफरातफरच म्हटले पाहिजे. न जाता 'घर बंद' असा शेरा मारून कोणाची मुलाखतीची तार, नेमणुकीचे पत्र किंवा मनीऑर्डर परत पाठवली, ही आठवण गावे पिढ्यान्‌पिढ्या धरून बसतात. तार सेवा २०१३ साली बंद झाली, आठवण बंद झाली नाही. अशा माणसाला योग्य चौकशी मिळावी म्हणून युनियन उभी राहील. पण त्याच्या कृत्याला 'चूक' हे नाव देणार नाही. तसे केले तर ज्याची खरोखरच चूक झाली आहे, त्याच्यासाठी भांडायला आपल्याकडे शब्दच उरणार नाही.

सही करण्यापूर्वी

शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

एक. मेमो घेतल्याची पोच देणे म्हणजे आरोप मान्य करणे नव्हे. पोच द्या, तारीख घाला. मेमो नाकारून काही साधत नाही.

दोन. मोठ्या शिक्षेचा मेमो आहे की छोट्या, ते आधी पाहा. टपालात नियम १४ मोठ्या शिक्षेचा आणि १६ छोट्या. रेल्वेत नियम ९ मोठ्या शिक्षेचा आणि ११ छोट्या, म्हणजे आपल्या बोलीत एस.एफ. ५ आणि एस.एफ. ११. जुन्या पेन्शन नियमांखालच्या माणसाला सेवेतून काढले किंवा बडतर्फ केले, तर मागची सेवाच बुडते आणि तिच्याबरोबर पेन्शन व ग्रॅच्युइटी जाते.

तीन. इंग्रजी समजत नसेल तर आरोपपत्र हिंदीत मागा. १९७६ च्या राजभाषा नियमांतील नियम ७ प्रमाणे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला शिस्तभंगाच्या कारवाईसह सेवेबाबतचा आदेश किंवा नोटीस हिंदी वा इंग्रजी यांपैकी हव्या त्या भाषेत, विनाविलंब मिळाली पाहिजे. हिंदी काही आपली मायबोली नाही. पण 'कपट', 'लापरवाही' आणि 'भूल' यांतला फरक मराठी माणसाला डिक्शनरीशिवाय कळतो.

चार. दुसऱ्याने सांगितलेला इंग्रजी जबाब आपल्या हाताने उतरवून देऊ नका. 'एवढे लिहून द्या, साहेब सोडून देतील,' हे वाक्य म्हणजे कोपराला लावलेला गूळ आहे. काय घडले ते आपल्या शब्दांत सांगा. लिहून घेतलेले वाचून, समजावून घ्या. हेतूविषयी एकही शब्द आला तर थांबा आणि शाखेला कळवा. खातेचौकशीत कोर्टासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, संभवनीयतेच्या तराजूवर निकाल होतो. अशा तराजूत तुमचा स्वतःचा कागद सर्वांत जड पडतो.

प्रत्येक शाखेने आपल्या भागात येणारे मेमो चाळून त्यांतले असे शब्द मराठी अर्थासह एका वहीत लिहून ठेवावेत. ती वही शाखेच्या कपाटात बंद न ठेवता टेबलावर ठेवावी. डेपोतला नवा मुलगा, शाखा डाकघरातला ग्रामीण डाक सेवक, कोणीही येऊन ती उघडावी. असत्य होते का, माहीत होते का, इरादा होता का, लाभ झाला का, हे चार प्रश्न तिच्या पहिल्या पानावर असावेत.

इंग्रजी शब्द आपण केलेले नाहीत. पण त्यांच्याखालची सही आपली असते आणि तिच्यावर आपले घर उभे असते. शब्द वाचूया, विचारूया, मगच पेन उचलूया.